फ्लोराइडची टूथपेस्ट : किती, कशी आणि केवढ्याला?

मंडळी, वाणसामान आणायला गेल्यावर आपण टूथपेस्ट कशी मागतो बरे? कोणी म्हणतो, "मोठी द्या." कोणी म्हणतो, "दहावाली द्या." फार तर जाहिरातीतले नाव घेतो. पण "हिच्यात फ्लोराइड किती आहे हो?" असे विचारणारे गिऱ्हाईक आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या दुकानदाराला आजवर भेटले असेल की नाही, याची मला शंकाच आहे. आणि गंमत अशी की दात किडू नयेत म्हणून आपण जे पैसे मोजतो ते खरे पाहता त्या एका आकड्यासाठीच मोजायचे असतात. फेस, गारवा, बडीशेपेची चव, लाल-हिरवा रंग हे सगळे नंतरचे.

हल्ली या आकड्याची गोष्ट वेगळ्याच वाटेने निघू लागली आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची कितीतरी मुले आज इंग्लंड-अमेरिकेत नोकरीला आहेत. घरी येताना त्यांतला एखादा आजीसाठी ट्यूब घेऊन येतो आणि सांगतो, "ही फार जोराची आहे, आपल्याकडच्यापेक्षा पाचपट." मग शेजारीपाजारी चौकशी सुरू होते. अशी पेस्ट आपल्याकडे का मिळत नाही? केवढ्याला पडेल? मुलांना दिली तर त्यांच्या दाढा किडायच्या थांबतील का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो : मुलांना ती देऊ नये. का देऊ नये, आणि तिच्याऐवजी काय करावे, हे आता जरा सविस्तर पाहू.

ट्यूबच्या पाठीमागे बारीक अक्षरांत 'पीपीएम' असे लिहिलेले असते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १००० पीपीएम फ्लोराइड म्हणजे एक किलो पेस्टमध्ये एक ग्रॅम फ्लोराइड, किंवा एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. गुरुजी, सातवीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावर घालून द्यायला हरकत नाही. मेट्रिक मापे आणि आरोग्य असे दोन्ही विषय एकाच तासात होतील. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूबांवर 'सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट' असे लांबलचक नाव असते. त्याच्या वजनात फ्लोराइडचा वाटा सुमारे १३ टक्के. म्हणून ट्यूबवर ०.७६ टक्के लिहिले असेल तर गुणाकार केल्यावर उत्तर १००० पीपीएमच्या जवळ येते. मुलांना स्वतः करून पाहू द्या.

आता हे फ्लोराइड तोंडात करते तरी काय? शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला की डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आंबटाने चुन्याचा दगड खाल्ला जातो. दाताचे वरचे कवच चुन्याच्याच नात्यातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल कवचातला थोडा थोडा अंश विरघळवते. मग लाळ येते, आम्ल धुते आणि गेलेला अंश पुन्हा भरून काढू लागते. अशी ही खोड-जोड दिवसभर चाललेली असते. चहाचा प्रत्येक घोट, प्रत्येक गोळी, बिस्किटाचा प्रत्येक तुकडा खोडण्याच्या बाजूचा. दाताभोवती थोडे फ्लोराइड रेंगाळत असेल तर जोडण्याचे काम लवकर होते, आणि नव्याने जोडलेला थर आम्लाला पूर्वीपेक्षा अधिक दाद देत नाही. इतकेच त्याचे काम. ते दात पांढरे करीत नाही, पडलेले भोक बुजवीत नाही, आणि हलणारा दातही घट्ट बसवीत नाही.

हा गुण माणसाला कळला तो आधी अवगुण कळल्यामुळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली डॉ. फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, आणि पुढे असेही दिसले की डागाळलेले हे दात किडत मात्र कमी. कारण सापडायला १९३१ साल उजाडले : पिण्याच्या पाण्यातले जादा फ्लोराइड. आपल्या देशात १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून याच जादा फ्लोराइडचे भीषण रूप नोंदले गेले. तिथे दातांवरच न थांबता माणसांची हाडे आखडली होती. म्हणजे थोडे असले तर दात राखते आणि फार झाले तर हाडे धरते, अशी ही चीज. तिचा विचार नेहमी मापानेच करावा लागतो.

म्हणून कायद्यानेही माप ठरवले आहे. भारतात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही, आणि किती घातले आहे तो आकडा व वापराची शेवटची तारीख ट्यूबवर आणि खोक्यावर छापावी लागते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांत तसे स्पष्ट म्हटले आहे. युरोपात ही मर्यादा १५०० आहे. ब्रिटनमध्ये तिच्याही वर २८०० आणि ५००० पीपीएमच्या पेस्ट मिळतात. पण तिथे त्या किराणा दुकानात मिळत नाहीत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. २८०० ची दहा वर्षांच्या पुढे, आणि ५००० ची सोळा वर्षांच्या पुढे. पाहुण्याने आणलेली 'पाचपट जोराची' ट्यूब ती हीच. टूथपेस्टच्या वेषातले ते औषध आहे.

ते कोणाला लागते? म्हातारपणी हिरड्या मागे सरतात आणि दातांची मुळे उघडी पडतात. मुळांना कवच नसते, त्यामुळे तिथे कीड भराभर शिरते. अशा वेळी ५००० ची पेस्ट साध्या पेस्टपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. काही औषधांनी किंवा आजाराने ज्यांची लाळ आटली आहे, त्यांचीही गोष्ट तशीच. आणि तोंडाच्या कर्करोगावर ज्यांनी किरणांचे उपचार घेतले आहेत, त्यांच्या तर लाळेच्या ग्रंथीच कोरड्या पडतात आणि चांगले दात थोड्याच काळात किडू लागतात. तंबाखू-गुटख्याने आपल्याकडे असे रोगी कमी नाहीत. अशा माणसाने दाताच्या डॉक्टरला आवर्जून विचारावे. आपल्याकडे डॉक्टर बहुधा स्वतःच दातांवर फ्लोराइडचा लेप, म्हणजे व्हार्निश, लावतात. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते. पण ते थेंबभर असते, दाताला चिकटून बसते आणि जाणत्या हाताने लावलेले असते.

आता मुलांचा हिशेब मांडू. लहान मूल चूळ टाकायला शिकेपर्यंत पाच-सहा वर्षांचे होते. तोवर पेस्ट गोड लागली की ते गिळते. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेले तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा, असा वैद्यकाचा ठोकताळा आहे. दहा किलोच्या मुलाला ही सीमा ५० मिलिग्रॅमची. साध्या १००० च्या पेस्टमध्ये तेवढे फ्लोराइड पोटात जायला ५० ग्रॅम पेस्ट खावी लागेल. तेवढी मूल सहसा खात नाही. ५००० च्या पेस्टमध्ये मात्र ते अवघ्या १० ग्रॅममध्ये येते. दोन चमचे झाले! शिवाय रोज थोडे थोडे गिळले गेले तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरे चट्टे उमटतात ते वेगळेच. आठ वर्षांपर्यंत ही भीती राहते. तेव्हा आजीची ट्यूब आजीच्या पेटीत राहू द्यावी. तीही डॉक्टरने सांगितली असेल तर.

किमतीचेही असेच आहे. इंग्लंडात २०२४ च्या मे महिन्यापासून औषधाच्या दर नगामागे ९.९० पौंड भरावे लागू लागले, म्हणजे आपले हजाराच्या वर. साठीच्या पुढच्यांना तेवढी माफी आहे. ही ट्यूब असते ५१ ग्रॅमची, आणि सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा वापरली तर एकट्या माणसाला दोन-चार आठवड्यांत संपते. हा खर्च ज्याला गरज आहे त्याने करावा. बाकीच्यांनी नुसत्या हौसेने केला तर पदरात फारसे काही पडणार नाही.

उलट साध्या पेस्टने काय साधते ते ऐका. जगभरच्या सत्तर प्रयोगांतल्या सुमारे ४२,००० मुलांचा हिशेब २००३ साली एकत्र मांडला गेला, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टने पक्क्या दातांची कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने १००० ते १५०० पीपीएमची टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या वाण्याकडची साधी पेस्ट १००० ची असेल तर ती या यादीत बसते. महाग ट्यूब घेतली म्हणून आकडा वाढत नाही. कायद्याने तो १००० लाच अडतो. पांढरेपणाची, दात शिवशिवण्यावरची, लवंग-तुळशीची अशा नाना तऱ्हेच्या पेस्टना दुप्पट-चौपट दाम पडतात, आणि कित्येकींत फ्लोराइड मुळीच नसते. मुलांसाठी म्हणून चित्रे काढलेल्या काही ट्यूबांत ते निम्म्याहून कमी असते, आणि ५५० च्या खालच्या पेस्टचा कीड रोखण्यास नक्की उपयोग होतो असे सिद्ध झालेले नाही. मुलाला वेगळी ट्यूब लागत नाही, वेगळे माप लागते.

घरखर्चाचा हिशेब करून पाहू. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दाखवतात. तिचे वजन सव्वा ग्रॅम धरा. पाच माणसांचे घर दिवसातून दोनदा दात घासू लागले तर रोज साडेबारा ग्रॅम पेस्ट लागेल आणि १०० ग्रॅमची ट्यूब आठ दिवसांत संपेल. असे झाले की घरधनी म्हणतो, "एकदाच घासा!" आणि तिथेच नुकसान होते. आता मोठ्या तिघांना अर्धा अर्धा ग्रॅम, म्हणजे ब्रशच्या अर्ध्याहून कमी लांबीची पट्टी द्या, आणि दोन मुलांना वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम. रोजचे झाले चार ग्रॅम. तीच ट्यूब पंचवीस दिवस पुरली. समजा ट्यूब साठ रुपयांची असली, तर सगळ्या घराला दिवसाला दोन रुपये चाळीस पैसे पडले. दहाच्या छोट्या ट्यूबा सोयीच्या खऱ्या. पण किमतीला वजनाने भागून पाहा, पुष्कळदा त्या मोठीपेक्षा महाग पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुन्या भावाचा माल कोणी गळ्यात घालीत नाही ना, एवढे पाहावे. मुदतीची तारीखही पाहावी. पेस्ट जुनी होत जाते तसे तिच्यातले कामाचे फ्लोराइड कमी होते, आणि पत्र्याच्या टपरीत उन्हाखाली पडून असली तर आणखी लवकर.

पेस्ट बरोबर घेतली, माप बरोबर घेतले, तरी आपण एका जागी हमखास घालवतो. आपल्या जिल्ह्यातल्या बागायतदाराला ते एका वाक्यात पटेल. द्राक्षबागेवर फवारणी केली आणि लगेच पावसाची सर आली तर काय होते? औषध मातीत आणि मजुरी पाण्यात. दात घासून झाल्यावर आपण तांब्या तोंडाला लावून खळखळून पाच-सहा चुळा भरतो, तीच ही सर! आत्ता लावलेले फ्लोराइड आपण आपल्या हाताने मोरीत सोडून देतो. फेस थुंकून टाकावा, चूळ भरू नये. अगदीच चैन पडत नसेल तर एक छोटा घोट घ्यावा. पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. सुरुवातीला तोंडात चव राहते, कसेसेच वाटते. आठ दिवसांनी काही वाटेनासे होते. पाचपट जोराची पेस्ट शोधण्यापेक्षा ही फुकटची युक्ती आधी करून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरी गोष्ट रात्रीची. झोपेत लाळ आटते, म्हणजे दाताचा राखणदार निजतो, आणि जंतूंना रान मोकळे मिळते. म्हणून एकदाच दात घासायचे असतील तर रात्री जेवणानंतर घासावेत असेही मी म्हणेन. सकाळी तोंड धुणे आपल्या अंगवळणी पडले आहे, ते सुटत नाही. रात्रीचे नवे लावून घ्यावे लागते. आश्रमशाळांतल्या गुरुजींना हे आईबापांपेक्षाही सोपे आहे. सुरगाणा-पेठ भागात मुले शाळेतच निजतात. दिवे मालवण्याआधी ओळीने दहा मिनिटे नळावर उभी केली की झाले. प्रत्येकाचा ब्रश वेगळा, आणि पेस्ट वाटणारा एक मोठा विद्यार्थी नेमलेला असावा, म्हणजे माप राहते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवावा, किंवा निदान समोर उभे राहावे.

पहिली-दुसरीच्या बाईंना इथे एक विशेष सांगायचे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून आईला तिचा पत्ताच लागत नाही. पुढे ती किडली की घरचे म्हणतात, "दुधाची आहे, पडेल आपोआप." ती दुधाची नसते. ती आयुष्यभराची, आणि भाकरी-हरभरे चावण्याचा मोठा भार तिच्यावरच. आठव्या वर्षी गेली तर परत येत नाही. वर्गातल्या मुलांना तोंड उघडायला सांगून ही दाढ एकदा दाखवून द्यावी. दुधाचे दात पडणारच म्हणून किडू द्यावेत हेही खरे नाही. रात्रभर दाढदुखीने रडलेले मूल सकाळी पाढे काय म्हणणार?

कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाला मी नावे ठेवणार नाही. नीट चावून कुंचला केला तर दात स्वच्छ होतात. पण त्यात फ्लोराइड नाही, तेव्हा दातणानंतर बोटभर पेस्ट लावायला हरकत नाही. राखुंडीचे आणि विटेच्या भुकटीचे मात्र तसे नाही. ती दाताचे कवच घासून नेते. आणि मिसरी तर वेगळीच बाब. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली बंदी झाली, पण तव्यावर तंबाखू भाजून घरी केलेल्या मिसरीला कोण अडवणार? तिने दात घट्ट होतात ही समजूत आहे. खरे म्हणजे तिची तलफ लागते, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथूनच जाते.

"आमच्या पाण्यातच फ्लोराइड असेल तर?" असा प्रश्न कोणी विचारील. नाशिककडचा मुलूख काळ्या कातळाचा. अशा कातळातल्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना मात्र याचा खरा त्रास आहे. तरीही खोल बोअरचे पाणी तपासल्याशिवाय बोलू नये. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असले तर ठीक. दुसरा पुरवठाच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. गावाच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागून पाहावा. आकडा जास्त निघाला तर दोष पेस्टला लावू नये. पेस्ट आपण थुंकतो, पाणी पितो. तिथे पाणीच बदलले पाहिजे किंवा शुद्ध केले पाहिजे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच बसवून दिली आहे.

ज्याच्या दाढेला भोक पडले आहे, गार पाण्याने कळ जाते आहे, त्याने पेस्ट बदलत बसू नये. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग आहे. पंचवटीत दंत महाविद्यालयही आहे. भोक लहान असते तेव्हा ते भरून दात वाचतो, खर्चही थोडा येतो. उशीर केला की मूळ साफ करावे लागते, नाहीतर दात काढावा लागतो.

आणि ट्यूब पोराबाळांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. लहानग्याने बरीचशी पेस्ट खाल्लीच, तर बोटे घालून ओकारी काढू नये. कपभर दूध पाजावे, कारण दुधातले कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते, आणि मुलाला घेऊन लगेच दवाखान्यात जावे. जाताना ती ट्यूब बरोबर घ्यावी, म्हणजे मागचा आकडा डॉक्टरांना वाचता येईल.